वाचकांचे प्रश्न : कलासंपादक सॅम्युएल कार्टर हॉल

प्रश्न : चार्ल्स डिकन्स यांच्या पेक्स्निफ या ढोंगी पात्रामागे सॅम्युएल कार्टर हॉल हे कलासंपादक होते, असे वाचनात आले. त्यांचे प्रत्यक्ष कार्य काय होते?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हॉल यांच्या लेखनातील उपदेशाचा सूर पाहता हा समज का पसरला ते कळते, परंतु तेवढ्यावरून त्यांना निकालात काढणे अन्यायाचे होईल. १८०० साली आयर्लंडमध्ये वॉटरफर्डजवळ जन्मलेले हॉल १८२१ मध्ये लंडनला आले आणि संसदेचे वार्ताहर, पुढे वाङ्मयीन वार्षिकाचे संपादक झाले. १८३९ मध्ये हॉजसन अँड ग्रेव्ह्ज या चित्रमुद्रणाच्या व्यावसायिकांनी ‘आर्ट युनियन’ हे मासिक सुरू करून त्यांच्याकडे सोपवले. तेच १८४९ पासून ‘आर्ट जर्नल’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

त्या काळी राफाएल, टिशियन अशा जुन्या आचार्यांच्या नावाने बनावट चित्रे इंग्लंडच्या बाजारात सर्रास खपत, आणि हयात इंग्रज चित्रकारांना मात्र गिऱ्हाईक मिळत नसे. हॉल यांनी या व्यापाराविरुद्ध मासिकातून वर्षानुवर्षे लिहिले, विक्रेत्यांचा रोष पत्करला, आणि नव्याने श्रीमंत झालेल्या खरेदीदारांना आपल्याच काळातील चित्रकारांकडे वळवण्यात मोठा वाटा उचलला. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण येथेच आहे. रॉबर्ट व्हर्नन यांनी १८४७ मध्ये राष्ट्राला दिलेल्या ब्रिटिश चित्रसंग्रहातील कृती त्यांनी कोरीव मुद्राचित्रांच्या रूपाने मासिकातून दिल्या, त्यामुळे मूळ चित्र विकत घेण्याची ऐपत नसलेल्या घरांतही ती पोहोचली. १८५१ च्या लंडनमधील भव्य औद्योगिक प्रदर्शनाची सचित्र सूचीही ‘आर्ट जर्नल’नेच काढली, यंत्राने घडवलेल्या वस्तूंच्या आकृतिबंधाकडे कलेच्या नजरेने पाहण्याचा आग्रह हॉल आधीपासूनच धरीत होते.

समीक्षक म्हणून त्यांची नजर मात्र तोकडी होती. मिले, हंट, रोझेटी या प्री-राफाएलाइट, म्हणजे राफाएलच्या आधीच्या चित्रकलेकडून प्रेरणा घेऊ पाहणाऱ्या, तरुण इंग्रज चित्रकारांना त्यांच्या मासिकाने विरोध केला. हयात चित्रकारांची बाजू लावून धरणाऱ्या संपादकाकडून असे घडावे, याची खंत वाटते.

पत्नी ॲना मरिया हॉल या स्वतः नावाजलेल्या कादंबरीकार होत्या, आणि आयर्लंडविषयीचा मोठा ग्रंथ दोघांनी मिळून लिहिला. हॉल १८८० मध्ये संपादकपदावरून निवृत्त झाले. त्यांनी १८८३ मध्ये आठवणी प्रसिद्ध केल्या व १८८९ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘आर्ट जर्नल’ पुढे १९१२ पर्यंत निघत राहिले.