टर्नटेबलमधल्या फोनो प्रीअॅम्पऐवजी वेगळा प्रीअॅम्प घ्यायचा आहे. काय बघून निवडू?

तुमची कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते आणि जी तिची हालचाल विजेच्या सिग्नलमध्ये बदलते ती) ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई, प्रीअॅम्प (तो नाजूक सिग्नल अॅम्पजोगा मोठा करणारा भाग) टर्नटेबलच्या आतलाच, गाण्यातला 'स' कानाला टोचतो, आणि कुणीतरी सल्ला दिलाय की ट्यूबवाला (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांचा) घे, सगळं मऊ होईल. शिवाय पुढेमागे एमसी, म्हणजे मूव्हिंग कॉइल जातीची, बारीक सिग्नल देणारी कार्ट्रिज घ्यायचं डोक्यात आहे. प्रश्नातून मला एवढं कळलं.

ट्यूबचं सध्या राहू द्या. आधी तो 'स' कुठून येतोय ते शोधा. तो सुईमुळे येत असेल, तर प्रीअॅम्प कितीही भारी आणा, तो तसाच टोचत राहणार. एखाद्या एलपीची एक बाजू सलग ऐका. सुरुवातीच्या गाण्यांत 'स' साफ आणि लेबलकडे सरकताना तो फाटायला लागला, तर गडबड सुईची किंवा कार्ट्रिज वाकडी बसल्याची. आतल्या बाजूला एका फेऱ्याची लांबी कमी होते, पण फेऱ्याला लागणारा वेळ तोच राहतो. त्यामुळे वरच्या पट्टीचे आवाज फार दाटीनं कोरले जातात आणि साध्या लंबगोल सुईला ती वळणं नीट पकडता येत नाहीत. अशा वेळी प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन जुळवायची पट्टी) लावून कार्ट्रिज सरळ करा, सुईचं रेकॉर्डवरचं वजन २ ग्रॅमवर आणा. तरी भागलं नाही तर त्याच मालिकेतली एमएल म्हणजे मायक्रोलिनिअर सुई घ्या. ती तुमच्याच कार्ट्रिजवर बसते, पूर्ण कार्ट्रिज बदलावी लागत नाही. मी तुमच्या जागी असतो तर पहिले पैसे इथेच घातले असते.

पण पहिल्या गाण्यापासून, सगळ्याच रेकॉर्डवर आवाज सारखा कडक असेल तर मात्र कपॅसिटन्स (केबल आणि प्रीअॅम्प विजेचा भार किती साठवतात ते माप) तपासा. प्रीअॅम्पच्या जाहिरातीत हा आकडा सहसा ठळक नसतो, पण एमएम, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या (तुमच्यासारख्या) कार्ट्रिजला तोच सगळ्यात जास्त जाणवतो. तुमच्या कार्ट्रिजच्या कॉइलचा इंडक्टन्स (बदलत्या विजेला कॉइल किती अडवते ते माप) साधारण ५५० मिलिहेन्री आहे. तिच्यापुढे केबल आणि प्रीअॅम्प मिळून जेवढा कपॅसिटन्स येतो, त्यावर वरच्या पट्टीतला उंचवटा कुठे पडणार हे ठरतं. एकूण २०० पिकोफॅरड असेल तर तो १५ किलोहर्ट्झच्या आसपास पडतो, ४०० झाला की १०.७ वर घसरतो, म्हणजे थेट 'स' आणि झांजांच्या जवळ. कंपनीनं या कार्ट्रिजसाठी १०० ते २०० सांगितलेत. आता हिशेब करा: टोनआर्मची वायर आणि मीटरभर केबल यांतच शंभर-दीडशे सहज जातात. वर प्रीअॅम्पच्या आत २२० असेल तर आपण मर्यादेच्या बरेच बाहेर. म्हणून इनपुट कपॅसिटन्स १०० किंवा त्याहून कमी असलेला, नाहीतर स्विचनं कमी-जास्त करता येणारा प्रीअॅम्प बघा. आणि केबल आखूड ठेवा.

गेनचं, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा याचं गणित सोपं आहे. ४० डेसिबल म्हणजे शंभर पट. तुमच्या कार्ट्रिजचे ४ मिलिव्होल्ट त्यानं ०.४ व्होल्ट होतात, आणि ते पुरतं. सीडी प्लेअर सहसा २ व्होल्ट देतो, म्हणून रेकॉर्ड लावल्यावर व्हॉल्यूम जास्त फिरवावा लागला तर तो दोष समजू नका. गेन गरजेपेक्षा वाढवलात तर पदरात खरखर पडते आणि मोठ्या आवाजाच्या जागी सिग्नल कापला जायची भीती राहते.

एमसीचं वेगळं आहे. डेनॉनची डीएल-१०३ घ्या उदाहरणाला: ०.३ मिलिव्होल्ट. तिला हजार पट, म्हणजे ६० डेसिबल हवेत, आणि लोड (कार्ट्रिजपुढे प्रीअॅम्पचा जो रोध येतो तो) एमएमसारखा ४७ किलोओहमचा नाही, शंभर ओहम किंवा त्याहून थोडा जास्त. एमसी खरंच लवकर घेणार असाल तर शीटची मनी २ किंवा आयफायची झेन फोनो यांसारखा दोन्ही चालवणारा डबा बघा. नुसतं 'कधीतरी' असेल तर चांगला, साधा एमएम प्रीअॅम्प घ्या. पुढे त्याच्या आधी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर (एमसीचा सिग्नल वाढवून देणारा डबा) जोडता येतो.

ट्यूबबद्दल आता. रेकॉर्ड कापताना खर्ज सुमारे २० डेसिबलनं दाबलेला आणि वरची पट्टी तेवढीच उचललेली असते. १९५४ पासूनचा हा आरआयएए वक्र (रेकॉर्ड कंपन्यांनी ठरवलेलं हे दाबण्या-उचलण्याचं प्रमाण) बरोब्बर उलटवणं, हे प्रीअॅम्पचं मुख्य काम. ते ट्रान्झिस्टरनं होवो की ट्यूबनं, वक्राची अचूकता ±०.५ डेसिबलच्या आत आहे का ते विचारा. काही स्वस्त डब्यांत ट्यूब दिव्यासारखी मिरवते, खरं काम शेजारची चिप करते.

व्होल्यूम वाढवल्यावर वूफरचा पडदा आवाजाशिवायच आत-बाहेर हलताना दिसतो का, तेही बघा. दिसत असेल तर सबसॉनिक फिल्टर (ऐकू न येणारा अतिखर्ज गाळणारा) असलेला प्रीअॅम्प घ्या; वाकडी रेकॉर्ड ३३⅓ च्या वेगानं फिरताना अर्ध्या हर्ट्झपासून पुढे बरंच काही ढकलत असते, आणि ते ऐकू न येताच अॅम्पची ताकद खातं.

जोडताना टर्नटेबलच्या मागचा स्विच 'लाइन'वरून 'फोनो'वर सरकवा, नाहीतर दोन प्रीअॅम्प एकामागे एक लागतात आणि आवाज घुमतो, फाटतो. अर्थची बारीक वायर नव्या डब्याच्या स्क्रूला घट्ट बसवा. तरीही घरघर आली तर डबा अॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब, दुसऱ्या फळीवर ठेवून बघा.