आजोबांच्या जुन्या डिंकी, कॉर्गी, मॅचबॉक्स गाड्यांची किंमत कशी ठरवायची? रंगवून विकाव्यात का?

प्रश्नकर्त्याचे आजोबा बोटीवर नोकरीला होते आणि त्यांच्या ट्रंकेत पस्तीस-चाळीस छोट्या धातूच्या गाड्या निघाल्या आहेत. काही मॅचबॉक्स, काही कॉर्गी, काही डिंकी, आणि चार-पाचांच्या तळाला ‘निकी’ असं नाव. नेटवर तसलीच एक गाडी कुणीतरी पन्नास हजारांना लावलेली त्यांना दिसली. तर विकल्या तर किती येतील, आधी रंग मारून चकाचक कराव्यात का, आणि स्वतः मॉडेल जोडायला घेतली तर खर्च किती, असे तीन प्रश्न आहेत.

आधी रंगाचं बोलतो. ते काम तुम्ही या रविवारी उरकून टाकलंत तर बाकीचं उत्तर वाचायची गरजच उरणार नाही. रंग लावू नका. एक डिंकी टवके उडालेली पण कारखान्याचा मूळ रंग असलेली, आणि दुसरी ऑटो-पेंटच्या दुकानातला स्प्रे मारून लखलखीत केलेली. संग्राहक डोळे झाकून पहिली उचलेल. दुसरी त्याच्या लेखी सुट्या भागांच्या किमतीची. ब्रासो, थिनर, टूथपेस्ट, यातलं काहीही नको. मऊ ब्रशने धूळ झटका, फार तर किंचित ओलसर सुती फडकं फिरवा, स्टिकरला पाणी लागू देऊ नका. तळ रिव्हेटने बसवलेला असतो. तो ड्रिलने उघडला असेल तर जाणकाराला पहिल्या नजरेत कळतं. खोकी निघाली असतील तर ती फाटकी का असेनात, त्यांना सेलोटेप लावू नका. आणि हो, ‘पसारा’ म्हणून घरात कुणी ती रद्दीत टाकणार नाही याची व्यवस्था आजच करा.

आता ओळख पटवायची. प्रत्येक गाडी उलटी करा, भिंग घ्या आणि तळावरचं सगळं वहीत उतरवा: कंपनी, नंबर, देश. डिंकी लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीची. हे नाव १९३४ मध्ये आलं आणि बिन्स रोडवरचा त्यांचा कारखाना १९७९ च्या नोव्हेंबरात बंद पडला. कॉर्गी मेटॉय कंपनीची, वेल्समधल्या स्वॉन्झीची, १९५६ पासूनची. खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिकच्या काचा बसवून त्यांनी डिंकीला घाम फोडला होता. मॅचबॉक्स लंडनच्या लेस्नी कंपनीची, १९५३ पासूनची. भागीदारांपैकी जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायला परवानगी होती, म्हणून त्यांनी तिला एक चिमुकला रोड रोलर करून दिला. त्यातून ही मालिका सुचली. १९८२ मध्ये लेस्नी दिवाळखोरीत गेली, त्यामुळे तळावर लेस्नी आणि इंग्लंड दिसलं की गाडी ढोबळमानाने त्याच्या आधीची समजा. मकाव किंवा चीन दिसलं तर नंतरची.

मॅचबॉक्समध्ये चाकांकडे बारीक लक्ष द्या. सुरुवातीला चाकं धातूची होती, मग राखाडी प्लास्टिकची, मग काळी. १९६८ मध्ये अमेरिकेत मॅटेलने हॉट व्हील्स आणल्या आणि त्या धसक्याने १९६९ पासून मॅचबॉक्सनेही बारीक आसाची, भरभर पळणारी ‘सुपरफास्ट’ चाकं बसवली. मॉडेल एकच, नंबर एकच, पण चाकं किंवा रंग वेगळा असला की भाव कुठल्या कुठे जातो. सगळं मोल या असल्या फरकांत आहे, ‘जुनी आहे’ यात नाही. लाखोंनी निघालेली पन्नास वर्षांची गाडी आजही चहा-वड्याच्या पैशांत मिळते.

तळावरच्या सालाबद्दल एक धोक्याची सूचना. हॉट व्हील्सच्या तळावर छापलेलं साल त्या साच्याच्या कॉपीराइटचं असतं, गाडी बनल्याचं नाही. गेल्या वर्षी दुकानात आलेल्या गाडीखालीही १९६९ असू शकतं. ‘दुर्मिळ १९६९’ म्हणून हजारोंना लावलेल्या निम्म्या जाहिराती या एका गैरसमजावर चालतात. काही तर गैरसमजावरही नाही, सरळ थापेवर.

ट्रंकेत सोनेरी ॲस्टन मार्टिन आहे का ते मात्र लगेच बघा. कॉर्गीची २६१ नंबरची जेम्स बाँडची गाडी, १९६५ ची. पडद्यावरची गाडी चंदेरी होती, पण खेळणं चंदेरी केलं तर रंग न दिलेला धातू वाटेल म्हणून ते सोनेरी केलं. बाजूची कळ दाबली की छप्पर उघडून सीटवरचा माणूस बाहेर फेकला जातो, पुढून मशीनगन बाहेर येतात, मागे गोळ्या अडवणारा पडदा उभा राहतो. खोक्यात एक ‘गुप्त सूचनां’चं पाकीट असायचं, त्यात एक जादा माणूस आणि चिकटवायचा बिल्ला. आता विचार करा, साठच्या दशकातल्या किती पोरांनी तो फेकला जाणारा माणूस सांभाळून ठेवला असेल? म्हणून तर खोकं, पाकीट, दोन्ही माणसं आणि बिल्ला असलेली चांगली गाडी तिकडे काही शे पौंडांना जाते, आणि खेळून खेळून माणूस हरवलेली तीच गाडी त्याच्या अगदी थोड्या हिश्शात मिळते. पण सावध राहा. माणूस, टायर, खोकं, सगळ्याच्या नव्या नकला विकत मिळतात, आणि कॉर्गीने स्वतःच हे मॉडेल जुन्या धाटणीच्या खोक्यात पुन्हा काढलेलं आहे. खोकं फार पांढरंशुभ्र असेल तर शंका घ्या.

तुमच्या निकींबद्दल मला जास्त उत्सुकता आहे. परदेशी खेळण्यांची आयात जवळजवळ बंद होती त्या काळात, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, कोलकात्याच्या एस. कुमार कंपनीने डिंकीचे वापरून झालेले साचे आणले आणि त्यातून काढलेल्या गाड्या निकी नावाने विकल्या. तळ नीट पाहिलात तर डिंकी नाव खोडल्याची खूण कधीकधी दिसते. रंग जाड, कडा ओबडधोबड, आणि असे रंग की ते लिव्हरपूलने कधी दिले नव्हते. म्हणूनच डिंकीचे इंग्रज संग्राहक त्यांच्या मागे असतात. आपल्याकडे लोक ‘डुप्लिकेट’ म्हणून बाजूला टाकतात आणि भंगारवाला किलोवर नेतो. या चार-पाच शेवटी विका, घाई नको.

एखादी गाडी दुसऱ्या महायुद्धाआधीची निघाली तर आणखी एक भानगड तपासा. या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. त्या काळी त्यात शिशाची भेसळ राहून जायची, आणि वर्षानुवर्षं धातू आतून कुजतो. आधी रंगाखाली जाळीसारख्या भेगा येतात, मग गाडी फुगते, वाकते, आणि एक दिवस बोटांत चुरा होतो. यावर औषध नाही. दमट हवेत हे लवकर होतं, तेव्हा मुंबई-कोकणात राहत असाल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. खोक्यांना बुरशी आणि कसर, दोन्ही लागतात. गाड्या थेट बबल रॅपमध्येही गुंडाळू नका. उन्हाळ्यात त्याचे फुगे रंगावर गोल डाग उठवतात. आधी साधा टिश्यू पेपर, मग वरून बबल रॅप.

आता पैशांचं. पन्नास हजाराची जाहिरात म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. इच्छेला जीएसटी लागत नाही, कुणीही कितीही ठेवावी. ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ असं गाळणं लावून बघा, म्हणजे कुणीतरी खरोखर खिशातून काढलेला आकडा दिसेल. इंग्लंडमधली व्हेक्टिस ही खेळण्यांच्या लिलावांसाठी प्रसिद्ध संस्था आहे, तिच्या जुन्या लिलावांचे निकालही पाहता येतात. एकाच गाडीचे चार-पाच व्यवहार बघा, सगळ्यात वरचा आकडा सोडून द्या, आणि फोटोशी ताडून आपली गाडी प्रामाणिकपणे कुठे बसते ते ठरवा. खोक्यातली निर्दोष गाडी आणि खोक्याविना टवके उडालेली गाडी यांत दहापट फरक सहज असतो. आजोबांची म्हणून तिला वाढीव मार्क देऊ नका. ते मार्क फक्त घरात चालतात.

भारतात विकायचं तर त्या आकड्यातून आणखी खाली या. इथे जुन्या डिंकी-कॉर्गीचे गिऱ्हाईक मोजके आहेत आणि एकमेकांना ओळखतात. चोर बाजारातला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातला व्यापारी पुढे विकायला घेतो, तेव्हा तो निम्म्याहून कमीच सांगणार. त्यात त्याचं काही चुकत नाही, माल वर्षभर त्याच्याकडे पडून राहणार असतो. संग्राहकांच्या फेसबुक-व्हॉट्सॲप गटांत बरा भाव येतो, पण तळाचे, चारही बाजूंचे आणि प्रत्येक टवक्याचे स्पष्ट फोटो द्यावे लागतात. यादी केल्यावर वरच्या पाच-सहा वेगळ्या काढा, त्या एकेक करून विका, उरलेल्यांचा एकत्र सौदा करा. चाळीस गाड्या चाळीस जणांना कुरिअर करायची हौस दुसऱ्याच आठवड्यात फिटते.

कुणी म्हणेल, त्यापेक्षा आता नवीन घेऊन ठेवा, पुढे भाव येईल. मला हे पटत नाही. मॅचबॉक्सची ‘मॉडेल्स ऑफ यस्टरइयर’ ही मालिका बघा. सत्तर-ऐंशीच्या दशकात ती मोठ्या माणसांनी संग्रह म्हणूनच घेतली, खोक्यातून काढलीसुद्धा नाही. परिणाम असा की आज खोक्यासकट कोऱ्या यस्टरइयर ढिगाने मिळतात आणि बहुतेकांना कुणी विचारत नाही. महाग तेच झालं जे पोरांनी वाळूत लोळवून संपवलं. आजच्या हॉट व्हील्सचं तेच होणार असं माझं मत आहे. दीडशे-दोनशेची गाडी, त्यातली ‘सुपर ट्रेझर हंट’ म्हणजे रबरी टायर आणि चमकता रंग असलेली एखादी पेटीत आली की सुपरमार्केटच्या माणसाशी सेटिंग लावून आधीच कुणीतरी काढून नेतो, आणि संध्याकाळी ती इन्स्टाग्रामवर हजारोंना. ज्या लहान मुलासाठी ती बनली त्याला कार्ड वाकलेली उरलेली गाडी. असो.

नवीन मॉडेल आपल्याकडे महाग का, याचं कारण मात्र सरळ आहे. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. शुल्काच्या यादीत स्केल मॉडेलं खेळण्यांच्याच मथळ्याखाली येतात. बाहेरून मागवताना वस्तूची किंमत बघून हुरळू नका, दारात येईपर्यंतचा हिशोब मांडा.

किट, म्हणजे सुट्या भागांचं मॉडेल, जोडायचं म्हणाल तर १:२४ पासून, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शापासून सुरुवात करा. चार मीटरची खरी गाडी या प्रमाणात साधारण १७ सेंटिमीटरची होते. हातात नीट धरता येते आणि टेबलावर मावते. जपानच्या तामियाचं किट घ्या, तीन-पाच हजारांत येतं, भाग कपाटाच्या खणासारखे अचूक बसतात. त्याशिवाय निपर, कटर, ४०० पासून २००० पर्यंतचा पॉलिश पेपर, पातळ सिमेंट (म्हणजे प्लास्टिक जोडायचा गोंद), प्रायमर, रंग, मास्किंग टेप. पहिल्या वेळी सामानाचा खर्च किटच्या बरोबरीने जातो. स्प्रे घेताना डब्यावरची अक्षरं वाचा: तामियाचा ‘टीएस’ किटच्या प्लास्टिकसाठी, ‘पीएस’ रिमोटच्या गाड्यांच्या पारदर्शक बॉडीसाठी. दोन्ही डबे शेजारी ठेवलेले असतात.

जुलै-ऑगस्टात बॉडीवर स्प्रे मारायचा नाही. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प तिथे बसतं आणि तकतकीत काळ्या बॉनेटवर दुधासारखी पांढरी झाक येते. पावसाळ्यात इंजिन, सीट, डॅशबोर्ड असं हाताने रंगवायचं काम उरकायचं आणि बॉडी नोव्हेंबरासाठी ठेवायची. स्प्रेचा पहिला हात इतका विरळ मारायचा की काहीच झालं नाही असं वाटावं. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग शेवटचा ओला हात. त्यानंतर दोन दिवस बोट लावायचं नाही. हा सगळ्यात अवघड भाग.

हात बसला की ओळखीतला कुणीतरी विचारेलच, ‘माझ्या बाबांची पद्मिनी करून देशील का?’ तेव्हा किंमत आधी सांगा. सामान, थ्रीडी प्रिंट करून घेतलेले भाग, अधिक तासांचे पैसे, आणि निम्मी रक्कम आगाऊ. बाजारात सीलबंद किटला जोडलेल्या किटपेक्षा बहुधा जास्त पैसे येतात, म्हणजे मेहनतीचा मोबदला फक्त ज्याला तीच गाडी, त्याच नंबर प्लेटची हवी आहे त्याच्याकडूनच मिळतो. त्याने ‘एवढे पैसे एका खेळण्याचे?’ असं म्हटलं तर वाद न घालता सोडून द्या.