तगर, अनंत की मोगरा?

ताई, ‘हे झाड कोणतं?’ म्हणून तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. फूल पांढरं, भरगच्च पाकळ्यांचं. एवढ्यावरून कुणी काही सांगू नये. मी स्वतः गंगापूर रोडला एका नर्सरीतून ‘अनंत’ म्हणून आणलेलं रोप दोन वर्षं कुरवाळलं आणि निघाली डबल तगर! तेव्हापासून मी फुलाआधी पान तोडते.

तुम्हीही तेच करा. देठातून दुधासारखा चीक आला तर तगर. देवचाफा, कण्हेर यांच्याच कुळातली. चीक डोळ्यांना लागू देऊ नका. चीक नसेल तर समोरासमोरच्या दोन पानांच्या देठांमध्ये, खोडाला चिकटलेलं बारीक टोकदार पातं शोधा. कोवळ्या शेंड्यावर ते नीट दिसतं. ते असेल तर अनंत, म्हणजे कॉफी आणि एक्झोराचा भाऊबंद. त्याचं फूल जुनं होताना पिवळट पडतं, हीही खूण, पण त्यासाठी थांबावं लागतं.

दोन्ही नसेल तर मोगरा असू शकतो. फूल उलटं करा. हिरव्या निदलाची, म्हणजे पाकळ्यांखालच्या हिरव्या वाटीची, टोकं दोऱ्यासारखी बारीक, लांब दिसतील. पारिजातक याच्याच कुळातला, हे मला फार उशिरा कळलं.

आणि एका दांडीवर बरीच छोटी पानं असतील, चुरगळल्यावर लिंबासारखा वास आला, तर ती कुंती, पांढऱ्याच फुलांचं वेगळं झुडूप. तिचा प्रश्नच मिटला.

वासावर मात्र जाऊ नका. दुपारच्या उन्हात यातली बरीच फुलं मुकी होतात, वास नीट येत नाही. पुढचा फोटो पाठवाल तेव्हा फुलाची पाठ आणि शेंडा दोन्ही दिसू द्या.