वाचकांचे प्रश्न : अंड्याची टरफलं फेकायची की वापरायची?

प्रश्न : आमच्या महिला बचत गटाकडे पन्नासेक गावरान कोंबड्या आहेत. चौकातल्या भुर्जीच्या गाड्यांवरून टरफलं फुकट मिळतात. ती कोंबड्यांना दिली तर चालतात का? काही जणी म्हणतात, त्यानं कोंबड्या अंडी फोडून खायला लागतात. (ता. आरमोरी, जि. गडचिरोली)

चालतात. टरफलांचा याहून चांगला उपयोग खेड्यात दुसरा नाही. वाळल्या टरफलात सुमारे ९४ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे वजनाच्या ३७-३८ टक्के शुद्ध कॅल्शियम. रोज अंडं घालणाऱ्या कोंबडीला दिवसाला ४ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. कणी, ज्वारी, कोंडा यांतून ते नावापुरतंच मिळतं आणि मग अंडी पातळ कवचाची निघतात.

भुर्जीवाल्याची टरफलं मात्र जशीच्या तशी कधीही टाकू नका. आतल्या ओल्या पांढऱ्यात साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू वाढतो. त्याच दिवशी आणून धुवा, उकळी फुटल्यावर १५ मिनिटं उकळा आणि कडक उन्हात वाळवा. मग लोखंडी कढईत मंद आचेवर, चिमटीत धरल्यावर कटकन मोडेपर्यंत परता. करपून काळी पडली तर आच जास्त झाली. खलबत्त्यात ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे करा. मिक्सरमधला पिठासारखा भुगा नको. जाड तुकडा पेषणीत (कोंबडीच्या दाणे दळणाऱ्या पोटात) राहून हळूहळू विरघळतो आणि रात्री कवच तयार होत असताना कॅल्शियम पुरवतो.

अंडी फोडण्याची सवय लागते ती अर्धं-अर्धं टरफल टाकल्यामुळे. कोंबडी आकार आणि वास ओळखते. भाजून बारीक केल्यावर ती भीती राहत नाही.

तुकडे दाण्यात मिसळू नका, वेगळ्या भांड्यात ठेवा. गरज असलेली कोंबडी आपणहून खाते. पिलांना आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांना हे भांडं सापडता कामा नये, जास्तीच्या कॅल्शियमनं त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. तयार लेयर खाद्य देत असाल तर त्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम आधीच असतं, वरून काही लागत नाही.

प्रश्न : संत्र्याची पानं पिवळी पडताहेत, शिरा तेवढ्या हिरव्या आहेत. झाडाच्या बुडाशी टरफलांची भुकटी टाकावी असं एका व्हिडिओत पाहिलं. किती टाकू? (ता. वरुड, जि. अमरावती)

अजिबात टाकू नका. तुम्ही सांगता ती लक्षणं बहुधा लोहाच्या कमतरतेची आहेत आणि चुनखडीच्या काळ्या जमिनीत तिचं कारणच जादा चुना असतो. ओंजळभर मातीवर व्हिनेगर ओता. फसफसली तर जमिनीत चुना भरपूर आहे. सामू (पीएच) ८ च्या वर असला की टरफल विरघळतही नाही, वर्षानुवर्षं तसंच दिसतं. माती-पानांची तपासणी करून फेरस सल्फेट किंवा चिलेटेड लोहाकडे वळा. खारपाणपट्ट्यातल्या चोपण (सोडियम साठलेल्या) जमिनीलाही टरफल हा जिप्समचा पर्याय नाही, कारण तेच : विरघळत नाही.

गडचिरोली-गोंदियाकडे जिथं माती खरोखर आम्ल निघते, तिथं बारीक भुकटीचा उपयोग होतो. पण गुंठ्याला २० किलो धरले तरी सुमारे ४,००० अंड्यांची टरफलं लागतात. परसबागेपुरतंच ते परवडतं.

प्रश्न : व्हिनेगरमध्ये टरफलं टाकून केलेलं कॅल्शियम २ मिली प्रति लिटर फवारतो. टोमॅटोच्या बुडाचा काळा डाग जात नाही. (ता. सेलू, जि. वर्धा)

हिशोब करा. ४ टक्के ॲसिटिक आम्लाचं १ लिटर व्हिनेगर जेमतेम ३५ ग्रॅम टरफल विरघळवतं. त्यातून १३ ग्रॅम कॅल्शियम मिळतं. लिटरला २ मिली म्हणजे जेमतेम २७ मिलिग्रॅम. लिटरला ५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट टाकलं तर ९०० मिलिग्रॅमच्या वर मिळतं. बरोबरी करायची तर १५ लिटरच्या पंपाला तुमचं १ लिटर द्रावण लागेल. फवारा कमी पडतो, एवढीच गोष्ट आहे.

करायचंच असेल तर लिटरला १०० ग्रॅम टरफलं घ्या, म्हणजे आम्ल पूर्ण संपेल. फेस थांबला आणि तळाशी टरफल उरलं की झालं. उरलेल्या आम्लानं पानं करपतात, म्हणून आधी दोन-चार झाडांवर पाहा. झाकण घट्ट लावू नका : लिटरमागे ८ लिटरच्या आसपास वायू सुटतो, बाटली फुटते. सल्फेट किंवा फॉस्फेटचं खत त्याच टाकीत घातलं तर साका बसून नोझल बुजतं. आणि हा डाग मुळात पाण्याच्या ओढाताणीचा असतो. आधी ठिबकच्या पाळ्या नियमित करा.

प्रश्न : बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी टरफलांपासून हायड्रॉक्सिअपॅटाइट (हाडा-दातांतलं मुख्य खनिज) करतोय. भाजल्यावर दुसरंच काही मिसळलेलं दिसतं. चूक कुठं होते? (वाशिम)

बहुतेक चुन्याच्या वजनात. टरफलं ९०० अंशांवर मफल भट्टीत किमान २ तास ठेवा. १०० ग्रॅमचे ५३ ते ५५ ग्रॅम उरायला हवेत. जास्त उरले किंवा आत राखाडी दिसलं तर भाजणी अपुरी. हा कळीचा चुना (कॅल्शियम ऑक्साइड) हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड झपाट्यानं ओढतो. कालचा उघडा राहिलेला चुना आज तोललात की कॅल्शियम कमी पडलंच.

५.६ ग्रॅम ताजा चुना २०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात हळूहळू टाका. उकळल्यासारखं तापतं, चष्मा हवाच. ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ६.९ ग्रॅम (४.१ मिली) घेऊन २०० मिलीपर्यंत पातळ करा आणि ढवळत थेंबाथेंबानं तासाभरात घाला. सामू ९ च्या खाली जाऊ लागला तर अमोनियाचे थेंब टाका. घाईत ओतलं की सामू घसरून ब्रशाइट हा वेगळाच कॅल्शियम फॉस्फेट बनतो. २४ तास ठेवा, धुवा, वाळवा. हिशोबानं १० ग्रॅमच्या आसपास मिळायला हवं आणि कच्चा माल दोन अंड्यांचा!

कॅल्शियम-फॉस्फरसच्या अणूंचं प्रमाण १.६७ च्या खाली गेलं तर १००० अंशांच्या आसपास ट्रायकॅल्शियम फॉस्फेट वेगळं निघतं. टरफलातलं थोडं मॅग्नेशियमही त्याला हातभार लावतं. उलट कॅल्शियम जास्त झालं तर चुना मोकळा उरतो : भाजलेली भुकटी पाण्यात कालवून फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाका, गुलाबी झाली तर तोच. नक्की काय मिसळलंय ते एक्स-रे डिफ्रॅक्शन (स्फटिक ओळखणारी चाचणी) हीच सांगेल. ही भुकटी पाण्यातलं फ्लोराइड शोषण्याच्या प्रयोगाला उत्तम. हाडात किंवा दातात वापरायच्या मालाचे निर्जंतुकीकरणाचे आणि शुद्धतेचे निकष फार वेगळे असतात, अहवालात तसा दावा करू नका.

प्रश्न : कुंभाराच्या भट्टीत टरफलं भाजून खर्र्यासाठी (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणासाठी) चुना करता येईल का? (जि. यवतमाळ)

भट्टीत सगळीकडं सारखी आच नसते, काही टरफलं कच्चीच राहतात. कळीचा चुना विझवताना डोळे जाण्याचा धोका वेगळा. भिंतीला लावण्यापुरता चुना करून पाहायचा तर पाहा. खर्र्यासाठी कृती आम्ही देणार नाही.