बगलेतली कळी

शाहूपुरी, कोल्हापूर
रविवार, दुकान बंद

पोरा, मास्तरकाकांचे आशीर्वाद.

तुझे फोटो पोचले. एकाच जाकिटाचे अकरा फोटो, त्यातले चार नुसत्या बटणांचे. सोयरीक जुळवतानासुद्धा कोणी पोरीचे एवढे फोटो पाठवत नाही. आणि सगळ्यांत खाली तुझा तो प्रश्न, "मास्तर, बावीस हजार म्हणतायत. असलंच तुम्ही तीन हजारांत शिवून द्याल का?"

मोबाइलवर उत्तर द्यायला बसलो तर अंगठ्यानं टाइप करता करता चहा गार झाला. म्हणून नातीची वही ओढली. लिहून झालं की तीच फोटो काढून पाठवेल.

शिवून देऊ शकतो. देणार नाही.

जाकीट झकास आहे, छोटं दुकान चालवणाऱ्या त्या पोरीनं मन लावून केलंय, हे आधी कबूल करतो. 'आमच्या वेळी काय कपडे होते' असलं मी म्हणणार नाही. आमच्या वेळी टेरिकॉट होतं, उन्हाळ्यात पाठीला चिकटायचं. तुझ्या या जाकिटाचा घाट बाराबंदीचा, म्हणजे नाड्यांनी बांधायच्या जुन्या अंगरख्याचा आहे. बटणं दिसायला, खरं काम आतल्या नाडीचं. निळीत रंगवलेलं हातमागाचं कापड, आणि काखेजवळ फोटो मोठा करून बघ, एक बारीकशी शिलाई तिरकी गेली आहे. ती शिलाई बघितली आणि मला तीस वर्षांपूर्वीचं एक लग्न आठवलं. ते सांगतो, मग तू काय ते ठरव.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एक गिऱ्हाईक मुंबईहून आणलेला कोट घेऊन आलं. कुणा तरुण बाईनं स्वतःच्या नावानं छोटं दुकान काढलं होतं, तिथला. आतल्या पट्टीवर रेशमानं हाती नंबर घातलेला, सात. म्हणजे तसले मोजकेच केलेले. गिऱ्हाईक म्हणालं, भाचीच्या लग्नात घरातल्या सगळ्या पुरुषांना हाच कोट पाहिजे. सहा नग. कापड इचलकरंजीचं आणलंय, पैसे आगाऊ. मी तेव्हा नवीन दुकान टाकलेलं, डोक्यावर दोन मशिनींचं कर्ज. रात्री शटर ओढून कोटाची एक बाजू उसवली, खाकी कागदावर पसरली, पेन्सिल फिरवली, फर्मा कापला. पहाटेला कोट परत जसाच्या तसा शिवून ठेवला. त्या बाईनं स्वतः बघितला असता तरी ओळखता आलं नसतं, इतकी सफाई. मला माझाच अभिमान वाटला होता बघ.

फक्त एक गोष्ट मी गाळली. काखेत तळहातापेक्षा लहान असा एक चौकोनी तुकडा लावलेला होता, कोपरा वर करून, पतंगासारखा. मी म्हटलं, बाईला कापड कमी पडलं असणार, ठिगळ मारलंय. आपल्याकडं कापड भरपूर. मुंढा, म्हणजे बाहीचा खांद्याशी जोड, सरळ घेतला आणि सहा कोट उडवले.

अक्षता टाकायला हात वर गेले आणि नवरीच्या मामाची बगल गेली. चर्र. मंगलाष्टकं जोरात चालली होती म्हणून आवाज लपला. मग काकाची गेली. वरातीत नाचताना आणखी दोघांची. सहातले चार कोट काखेत उसवले, आणि मी जेवायच्या पंगतीत बसलेलो, घास घशाखाली उतरेना.

ते ठिगळ नव्हतं, ती कळी होती. आपल्या जुन्या बंडीला, पैरणीला काखेत अशीच कळी असायची. कापड सरळ चौकोनात फाडायचं, चिंधीसुद्धा वाया घालवायची नाही, आणि हात वर जायला लागणारी जागा त्या कळीनं काढून द्यायची. तिरकं लावलं की कापड ताण घेतं; उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी गळ्याभोवती वळते ती त्याच कारणानं. माझ्या वडिलांना ती कळी डोळे मिटून लावता यायची. मी मात्र रेडिमेडच्या नादाला लागून विसरलो. आणि मुंबईतली ती बाई कुठल्यातरी जुन्या बंडीपाशी बसली असेल, उसवून, परत शिवून, आपल्या कोटात कुठं बसते ते बघत. तिनं आणि मी, दोघांनीही दुसऱ्याचाच कपडा उसवला. ती शिकली. मी उतरवून घेतलं. शाळेत शेजारच्याची वही बघून उत्तर लिहिणारा पोरगा चूकसुद्धा चुकीच्या जागी करतो, तसं माझं झालं.

तिचं दुकान पुढं काही वर्षांनी बंद झाल्याचं त्याच गिऱ्हाइकाकडून कळलं. माझ्या सहा कोटांनी बंद पडलं नसेल. पण असले मास्तर गावोगाव असतात की.

आता तुझ्याकडं येतो. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि नाव दिलं नुसतं 'लेदर सँडल'. तेव्हा स्टेटस कोणी ठेवलं होतं? तूच. लाल अक्षरात. मीही पेटलो होतो, खोटं कशाला बोलू. पापाच्या तिकटीला चहाच्या टपरीवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. २०१९ मध्ये या चपलेला जीआय, म्हणजे मूळ गावाची सरकारी ओळख मिळाली, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं मिळून. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, खिळा न मारता चामड्याच्याच वादीनं शिवलेली, आणि शिवणाऱ्याचं नाव कुठंच नाही. ओरड झाली म्हणून कंपनीनं कबूल केलं, माणसं कोल्हापुरात आली, डिसेंबरात इथल्या आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून दोन हजार जोड करून घ्यायचा करार झाला. ओरडणारे आपण लाखांनी होतो, त्यामुळं जमलं. त्या जाकीटवालीच्या मागं ओरडायला कोण आहे? तू नाहीस, तू तर तीन हजार घेऊन माझ्या दारात उभा आहेस.

तू म्हणशील, मास्तर, तुमचा सगळा धंदाच नकलेवर चाललाय. बरोबर. फुग्याची बाही कुणाच्या बापाची नाही. गळ्याची फॅशन सिनेमातून येते आणि महाद्वार रोडला पंधरा दिवसांत टांगलेली असते. बाराबंदीसुद्धा त्या पोरीची नाही, ती सगळ्यांची. तुला बाराबंदी हवी असेल तर उद्या माप दे, हसत शिवतो. पण तुला बाराबंदी नको आहे. तुला *ते* जाकीट हवंय, ज्यात तिनं नाडी चार बोटं खाली आणली, कॉलर काढून टाकली आणि पाठीला एकच जोड ठेवला. ते सुचायला तिनं मांजरपाटावर किती कच्चे नमुने कापून फेकले असतील ते तुला माहीत नाही. मला अंदाज आहे. एक नवा घाट बसवायचा म्हणजे चार-पाच वेळा कापा, अंगावर चढवा, झोळ कुठं पडतो बघा, उसवा. मोठी कंपनी तो खर्च हजारो नगांवर वाटून टाकते. हिचे चाळीस नग असतील, आणि कापड विणणाराही दिवसाला चार-दोन मीटरच काढणार. तुझ्या बावीस हजारांत ते सगळे फेकलेले मांजरपाट आहेत.

म्हणून लगेच घे असंही म्हणत नाही. तुझा पगार मला ठाऊक आहे, तुझ्या आईनं पेढे देताना सांगितला.

थांब जरा. दोन महिने थांब. फोटो मोबाइलमध्ये राहू दे, पण रोज उघडून बघू नको, नाहीतर बायकोसारखी सवय होईल आणि काही दिसणार नाही. (हे वाक्य तुझ्या काकूनं वाचलं तर मी मेलो.) अधूनमधून स्वतःला विचार, यातलं नेमकं काय हवंय? निळा रंग? तो घाट? की ऑफिसातल्या त्या दोघा-तिघांनी 'कुठलं रे?' म्हणून विचारावं, हे? तिसरं असलं तरी लाजू नको. चारचौघांत उठून दिसायची हौस कोल्हापूरकराला कोणी शिकवावी? आपल्याकडं करकर वाजणारी चप्पल त्यासाठीच तर घालायचे. फक्त आपल्याला काय हवंय ते आपल्याला माहीत असावं.

आणि फोटोतला तो पोरगा सहा फुटी आहे, खांदे हँगरसारखे. तुझा डावा खांदा उतरता आहे. पाचवीपासून तुझे शाळेचे शर्ट मी शिवलेत. डाव्या बाजूला मी दर वेळी पाव इंच उचलून घ्यायचो, तुला कधी सांगितलं नाही. कॉलर नसलेल्या जाकिटात तो खांदा लपणार नाही. तिला लिही. असल्या छोट्या दुकानांचं सुख तेवढंच, लिहिलं तर माणूसच उत्तर देतं. सांग, डावा खांदा पाव इंच खाली आहे, काय करता येईल? तिचं उत्तर काय येतं त्यावरून बावीस हजारांचं अर्धं कोडं सुटेल. 'साइज चार्ट बघा' एवढंच आलं, तर पैसे बँकेत राहू देत.

पुण्यात त्यांचं प्रदर्शन लागलं तर जाऊन हातात घे. आरशासमोर मग जा, आधी उलटं कर. मी कुठलाही कपडा उलटाच बघतो, लोक हसतात. आत दाब, म्हणजे शिलाईपलीकडचं जादा कापड, किती सोडलाय? अर्धा इंच असेल तर पुढंमागं पोट सुटल्यावर उसवून वाढवता येईल, दोराभर असेल तर ते जाकीट तुझ्या आजच्या पोटापुरतं. कापलेली कड नुसती ओव्हरलॉकवर सोडलीय की दुमडून आत घेतलीय? काजं हाताची असली तर मागच्या अंगालाही टाके स्वच्छ दिसतात. मग घालून दोन्ही हात वर कर, अक्षता टाकतोस तसे. कंबरेवरून सगळं जाकीट वर आलं तर कळी नुसती शोभेची आहे.

निळीचं एक सांगून ठेवतो. खरी नीळ पाण्यात विरघळत नाही. आंबवलेल्या हौदातून कापड बाहेर काढतात तेव्हा हिरवट पिवळं असतं, वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होतं. रंग धाग्याच्या वरवर बसलेला असतो, म्हणून घासला की सुटतो. पहिले काही महिने आत पांढरा शर्ट घालू नको, आणि पावसाळ्यात कोल्हापुरात आलास तर जाकीट आणि चप्पल दोन्ही घरी ठेव. दोन्ही भिजली की मग माझ्याकडं रडत येऊ नको.

या दोन महिन्यांत रिकामा बसू नको मात्र. तुझ्या आजीच्या ट्रंकेत खणाच्या चोळ्या असतील. एक मागून घे आणि नुसती बघ. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण, पन्हा म्हणजे रुंदी लहान, दोन्ही बाजूंना काठ. एवढ्याशा कापडात अख्खी चोळी बसवायची तर जोड कुठं घ्यायचा, काठ कुठं आणायचा, हे सगळं आधी डोक्यात कापावं लागतं. आपल्याकडं तो ओटीत देतात म्हणून आपण त्याकडं कापड म्हणून बघतच नाही. विदिशाहून मुंबईत येऊन स्वतःचं दुकान उभं केलेल्या वैशाली शडांगुळेनं बघितलं. तिनं या खणावर काम केलं, आणि २०२१ मध्ये तिचे कपडे पॅरिसच्या कुटूर वीकमध्ये झळकले. मी पेपरात वाचलं तेव्हा काऊंटरवर ओटीचे खण पडले होते, दुसऱ्या कुणाच्या नाही, माझ्याच.

भानू अथैयांचं तुला माहीत असेलच, पण अर्धंच असेल. १९८३ मध्ये 'गांधी' सिनेमाच्या कपड्यांसाठी ऑस्कर, एवढं सगळ्यांना पाठ. त्या इथल्या, कोल्हापूरच्या राजोपाध्यांच्या, जन्म १९२९. वडील चित्रकार. शिकल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत, चित्रकला, मुंबईत बायकांच्या मासिकासाठी कपड्यांची चित्रं काढायच्या, आणि त्याच मासिकाच्या संपादिकेनं बुटीक काढलं तेव्हा म्हणाली, चित्रं काढतेस तर कपडे करून बघ. म्हणजे आधी कितीतरी वर्षं नुसतं बघणं आणि काढणं. तू इंजिनिअर आहेस, तुला चित्र येत नाही, ठीक. बटणांचे चार फोटो पाठवणाऱ्याला बघता येतं, एवढं मी मानतो.

दोन महिन्यांनीही हवंसं वाटलं, तिचं उत्तर चांगलं आलं आणि हात वर केल्यावर जाकीट जागेवर राहिलं, तर घे. आईला मी समजावतो. हप्ते मात्र करू नको. आणि घेतलंस तर घाल, कपाटात पूजेला ठेवू नको. कोपरं झिजली की रफूला माझ्याकडं आण. दुसऱ्याच्या कामाची डागडुजी करायला माझी ना नाही.

ते तीन हजार माझ्यासाठी बाजूला काढलेच आहेस, तर त्याचं काम सांगतो. तुझ्या आजोबांचा काळा कोट माळ्यावर आहे. मीच एकदा त्याचं अस्तर बदललं होतं. कापड अजून दहा-पंधरा वर्षं सहज जाईल, खांदा तुला मोठा होईल, तो मी आत घेतो. डावीकडं पाव इंच उचलून. दिवाळीला येताना घेऊन ये, पण आधी ऊन दाखव, डांबराच्या गोळ्यांचा वास दुकानभर होतो. पाचांतलं एक बटण तेव्हाच नव्हतं. मी लक्ष्मीपुरीत शोधून ठेवतो.

तुझा,
मास्तरकाका