एकोणीस इंची अलॉय घ्यावेत का?

प्रश्न : माझी सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड-फोर (ई-८९) आहे. १७ इंची रिम आणि रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) टायर आहेत, टायर झिजलेत. १९ इंची अलॉय घ्यायचा विचार आहे. दुकानदाराने दाखवलेल्या सेटवर चारही रिमना ‘८.५ जे, ईटी १५’ लिहिलंय. पीसीडी जुळतो, आरामात बसेल, असं तो म्हणतो. घ्यावा का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : हा सेट घेऊ नका. पीसीडी ५×१२० (पाच बोल्टांची भोकं १२० मिमीच्या वर्तुळावर) जुळला, म्हणजे बोल्ट भोकात जातील एवढंच. चाक किती बाहेर येणार, हे ईटी म्हणजे ऑफसेट (मिमीत) ठरवतो; आकडा जितका लहान, तितकं चाक बाहेर. तुमच्या गाडीचे पुढचे मूळ रिम साधारणपणे ८ जे (म्हणजे ८ इंच रुंद), ईटी २९ असतात. रिमच्या आतल्या बाजूला आकडे कोरलेले असतात, तिथे वाचून खात्री करून घ्या. रिम अर्धा इंच रुंद झाला की दोन्ही बाजूंना सहा-सव्वासहा मिमी वाढतो. त्यात ईटी १४ ने कमी. म्हणजे चाकाची बाहेरची कड २० मिमी आणखी बाहेर आली. खड्ड्यात सस्पेन्शन दबलं की टायर मडगार्डच्या कडेला घासेल आणि बेअरिंगवरचा भारही वाढेल. त्याऐवजी पुढे ८.५ जे, ईटी ३५ घेतला तर बाहेरची कड जवळपास होती तिथेच राहते. आतली मात्र १२ मिमी आत जाते, तेव्हा शॉक-अॅब्सॉर्बरपाशी जागा किती उरते ते पाहा. मागे मूळचाच ८.५ जे, ईटी ४० ठेवावा.

आता साइझ. १९ इंचीत पुढे २२५/३५ आणि मागे २५५/३० लागतात (पहिला आकडा टायरची रुंदी मिमीत; दुसरा साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत). व्यास बरोबर येतो, पण साइडवॉल उरते पुढे ७९ मिमी, मागे जेमतेम ७७. आत्ता ती १०० च्या वर आहे. पावसाळ्यानंतरचे रस्ते आणि कॉलन्यांमधले पट्टे न रंगवलेले स्पीड ब्रेकर बघता इतक्या पातळ टायरवर रिमची आतली कड वाकते, आणि ती वरून दिसतही नाही. हवा हळूहळू उतरायला लागली किंवा स्टिअरिंग थरथरलं की कळतं. वाकलेला रिम सरळ करून मिळतो. तडा गेलेला वेल्डिंग करून पुन्हा चढवू नये. आमचं स्पष्ट मत : १८ इंची घ्या. पुढे २२५/४० आर १८, मागे २५५/३५ आर १८. साइडवॉल ९० मिमीच्या आसपास राहते, व्यासात फरक अर्ध्या टक्क्याच्या आत, त्यामुळे स्पीडोमीटर आणि एबीएसला काही जाणवत नाही. पुढच्या टायरवर ९२ चा लोड इंडेक्स (६३० किलो) आणि एक्सएलची (जादा भार पेलणाऱ्या टायरची) खूण बघून घ्या.

मधलं भोक, म्हणजे सेंटर बोअर, ७२.६ मिमी हवं. बाजारातल्या रिमचं बहुतेक मोठं असतं; मग मापाची हब रिंग (मधली फट भरणारं कडं) लागतेच. ती नसली तर बॅलन्सिंग कितीही नीट केलं तरी ८०-१०० च्या वेगाला गाडी थरथरते, आणि दोष उगाच टायरला दिला जातो.

टायर चढवण्याआधी नुसता रिम हबवर लावून बघा, कारण टायर चढलेला रिम दुकानदार परत घेत नाही. चाक हाताने फिरवा, ब्रेक कॅलिपरपासून किमान ३ मिमी मोकळं असावं. स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा. बोल्ट एम १२×१.५, ६० अंशांच्या शंकूचे. गोल बैठकीचे बोल्ट या रिमवर ढिले होतात. शेवटचं कसणं एअर गनने नको, टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटर. गनने वेडंवाकडं कसलं की हबवर ताण येऊन ब्रेक दाबताना स्टिअरिंग हादरू शकतं. ५०-८० किलोमीटर चालवून पुन्हा तपासा. मग अलाइनमेंट.

रनफ्लॅटऐवजी साधे टायर घेतले तर गचके कमी होतील, पण गाडीत स्टेपनी नाही. छोटा कॉम्प्रेसर आणि पंक्चर किट डिकीत हवंच; मांडूच्या रस्त्यावर संध्याकाळी दुकान शोधत बसणं परवडत नाही. चारही टायर एकाच जातीचे घ्या. अर्धे रनफ्लॅट, अर्धे साधे, असं करू नका.

प्रश्न : निम्म्या किमतीत न वापरलेले, पण जुन्या स्टॉकचे टायर मिळताहेत. घ्यावेत का?
– एक वाचक, लोकमान्य नगर

उत्तर : साइडवॉलवर ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनंतरच्या खुणेतले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. इतके जुने टायर स्पोर्ट्‌स कारला नकोत. रबर पडून असतानाही कडक होतं, ओल्या रस्त्यावरची पकड सगळ्यात आधी जाते. इंदूरच्या मे महिन्याच्या उन्हात गोदामात पडलेले असतील तर आणखीच. दीड वर्षाच्या आतले असले तर घ्या, चारही टायरवरचे आकडे वेगवेगळे तपासून आणि आयएसआय खूण पाहून.