बागेची वाट वेगळी, पाहुण्यांची वेगळी

प्रश्न : राजापूर तालुक्यात सड्यापलीकडे, म्हणजे कातळाच्या पठारापलीकडे, आमची काजूची बाग आहे. बागेची वाट शेजारच्या भावकीच्या सामाईक कातळातून जाते. आजोबांपासून आम्ही तीच वापरतो. दोन वर्षांपासून मी त्याच वाटेने शनिवार-रविवारी पाहुण्यांना कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली जुनी चित्रं, दाखवायला नेतो, माणशी पाचशे रुपये घेतो. त्या घरातले गावात राहणारे थोरले काका म्हणाले होते, "ने की, वाट काय झिजते?" त्या भरवशावर मी उतारावर चिऱ्याच्या पायऱ्याही केल्या. आता त्यांच्या मुंबईतल्या पुतण्याची नोटीस आली आहे : येणंजाणं बंद करा, आजवरच्या कमाईतला वाटा द्या, नाहीतर फौजदारी करू. वाट वहिवाटीची असताना ते अडवू शकतात का?

उत्तर : पाहुण्यांना अडवू शकतात. तुम्हाला, बागेत जायला, बहुधा नाही. नोटिशीच्या उत्तरात या दोन गोष्टींची सरमिसळ केलीत तर दोन्ही हातच्या जातील.

आधी बाग. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२च्या कलम १५ प्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीतली वाट वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, अखंड आणि हक्क म्हणून वापरली असेल तर वहिवाटीचा हक्क सांगता येतो. यातलं 'हक्क म्हणून' फार महत्त्वाचं. "काकांनी जाऊ दिलं म्हणून आम्ही जातो" असं उत्तरात लिहिलंत की हक्क संपला, मेहरबानी उरली. मी अशी उत्तरं पाहिली आहेत. पहिल्या परिच्छेदात वडिलोपार्जित हक्क आणि तिसऱ्यात काकांचे आभार. समोरचा वकील तिसरा परिच्छेदच कोर्टात वाचून दाखवतो. काकांची परवानगी पाहुण्यांपुरती होती, बागेची वाट त्याआधीपासूनची आहे, हे स्पष्ट वेगळं लिहा. उद्या कोणी वाटेवर गडगा (दगडी बांध) घातला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तोही शेतीच्या वाटेसाठी, सहलीसाठी नाही.

आता पाहुणे. वहिवाटीचा हक्क तुमच्या बागेला चिकटलेला आहे, तुम्हाला नव्हे. सुविधाधिकार अधिनियमाचं कलम २३ म्हणतं, वापराची रीत बदला, पण दुसऱ्याच्या जमिनीवर जादा भार टाकू नका. काजू काढायला जाणारी चार माणसं आणि दर शनिवारी पैसे देऊन येणारा घोळका, यांत कोणताही न्यायाधीश फरक करील. म्हणजे पाहुण्यांसाठी तुमच्याकडे फक्त काकांचा शब्द आहे. कायद्याच्या भाषेत ती अनुज्ञप्ती, म्हणजे नुसती परवानगी, आणि साधारणपणे ती केव्हाही काढून घेता येते. अनुज्ञप्तीच्या जोरावर खर्च करून कायमचं बांधकाम केलं असेल तर कलम ६० तिला रद्द होण्यापासून वाचवतं. पायऱ्यांचा उल्लेख तुम्ही त्यासाठीच केला असावा. पण कातळावर मांडलेले चिरे म्हणजे कायमचं बांधकाम हे पटवणं अवघड, आणि सामाईक जमिनीत एकट्या काकांचा होकार बाकीच्या हिस्सेदारांना बांधत नाही.

फौजदारीच्या धमकीने मात्र झोप उडवून घेऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे गुन्हेगारी अतिक्रमणाला गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. एका हिस्सेदाराच्या संमतीने गेलेल्या माणसाचा तसा हेतू दाखवणं कठीण. नोटीस हातात पडल्यावरही पाहुणे नेत राहिलात तर हा बचाव दर आठवड्याला पातळ होत जाईल. कमाईतल्या वाट्याचं म्हणाल, तर करार नसताना कोणी तुमचा भागीदार होत नाही. जमीन वापरल्याची वाजवी भरपाई मागू शकतात, एवढंच.

हे सगळं एका कागदाने उलटू शकतं. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. पायमार्ग तिथे एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो, गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने. तुमची वाट त्या रेषेवर असेल तर ती सगळ्यांची. तुम्ही पाचशे रुपये घेता म्हणून ती कोणाची खाजगी होत नाही. त्याच वेळी शिल्पं असलेला कातळ कोणाच्या सर्व्हे नंबरात येतो तेही पाहा, कारण वाट मोकळी निघाली तरी मुक्कामाची जागा दुसऱ्याची असू शकते. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी ही कातळशिल्पांची ठिकाणं २०२२पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत. त्या यादीने जमिनीत शिरायचा परवाना मिळत नाही. शिल्प राज्य संरक्षित घोषित झालेलं असेल तर पुरातत्त्व विभागाला विचारल्याशिवाय तिथे पाऊल टाकू नका.

रेषा निघाली नाही तर? माझं मत विचाराल तर दाव्यापेक्षा माणशी ठरावीक रक्कम देऊन करार करा. त्या भावकीच्या सातबारावर त्यांच्या मयत आजोबांचंच नाव असेल, तर सगळे वारस शोधणं हे खरं काम. गणपतीत सगळे चाकरमानी घरी असतात. सह्या तेव्हा घ्या. ५०० रुपयांचा मुद्रांक, वाटेचं वर्णन, जास्तीत जास्त माणसं, मुदत आणि रद्द करण्याआधी किती दिवसांची सूचना, एवढं त्यात असू द्या. पुतण्याला वगळून उरलेल्यांच्या सह्या घ्यायचा मोह टाळा.

पाहुण्यांकडून सही घेता तो "स्वतःच्या जबाबदारीवर" असा कागदही पाहिला. तो धोक्याची कल्पना दिल्याचा पुरावा म्हणून ठेवा, ढाल म्हणून नको. निष्काळजीपणा झाला तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९खाली पुण्याचा पाहुणा पुण्यातच तक्रार करू शकतो, आणि मृत्यू ओढवला तर न्याय संहितेचं कलम १०६ लागतं. शेवाळलेल्या कातळावर पावसाळ्यात नेताना याचा विचार करा. विमा उतरवा. राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीचा अर्जही करून ठेवा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट होते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. जीएसटीचा प्रश्न वर्षाची उलाढाल वीस लाखांपलीकडे गेल्यावर.

पुढे विजयदुर्गही जोडायचा विचार आहे असं लिहिलंत. तो केंद्र संरक्षित किल्ला आहे, आणि अशा स्मारकात पैसे घेऊन माहिती सांगत फिरवायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. तो हाती येईपर्यंत जाहिरातीत किल्ल्याचं नाव घालू नका, आणि नोटिशीला उत्तर जाईपर्यंत सड्यावरच्या सहलींचं बुकिंग थांबवा.